गादीखालचं घड्याळ

बारावीला असलेली माझी भाची सुट्टीत आमच्याकडं कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहायला आली होती. आल्या आल्या तिनं कपाटातनं ‘द काइट रनर’ काढली आणि तीन दिवसांत संपवली. चौथ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी पुस्तक माझ्यापुढं ठेवून म्हणाली, “मामा, हा अमीर आयुष्यभर एवढा कुढतोय कशाला? त्यानं केलं काय? नुसतं बघितलं. बारा वर्षांचं पोरगं, समोर तीन दांडगी पोरं. मी असते तर मीपण पळाले असते.”

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जाऊ, तेव्हा सांगतो. उत्तर मला सकाळीच देता आलं असतं. पण त्यातला एक तुकडा सांगायचा की नाही, हे ठरवायला मला दिवस हवा होता.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांना आधीच सांगतो, पुढं शेवटासकट सगळं फोडलंय.

लेखक खालिद हुसैनी. जन्म काबूलचा, 1965 चा. पुढं कुटुंब अमेरिकेत गेलं, तिथं ते डॉक्टर झाले, आणि 2003 साली ही त्यांची पहिली कादंबरी आली. गोष्ट मुख्यतः 1975 च्या हिवाळ्याभोवती फिरते. अमीर हा काबूलमधल्या एका बड्या पश्तून माणसाचा मुलगा. हसन हा त्याच घरातल्या नोकराचा, अलीचा मुलगा, जातीनं हजारा. हजारा म्हणजे अफगाणिस्तानातले फारसी बोलणारे, बहुतेक करून शिया पंथाचे लोक. चेहऱ्याच्या ठेवणीवरनं लगेच ओळखू येणारे, आणि पिढ्यान्‌पिढ्या हलक्या कामाला जुंपलेले. दोघा पोरांना आई नाही, दोघं एकाच दाईच्या दुधावर वाढले. पण एक बंगल्यात झोपतो आणि दुसरा बागेच्या टोकाच्या मातीच्या खोपट्यात. एकाला शाळा आहे, दुसऱ्याला अक्षरओळख नाही.

वाड्यातलं पोरगं आणि वाड्यात राबणाऱ्याचं पोरगं, ही जोडी आपल्याला नवी नाही. दिवसभर विटीदांडू एकत्र, तहान लागली की भांडं वेगळं. मैत्री खरीच असते. फक्त त्या मैत्रीत एकाला कधीही उठून जायची मुभा असते आणि दुसऱ्याला नसते. ‘बालमैत्रीची कादंबरी’ असं या पुस्तकाबद्दल सरसकट म्हणतात, पण अमीर स्वतःच कबूल करतो की त्यानं हसनला मित्र असं कधी मानलंच नव्हतं. हे वाक्य पुष्कळ जण वाचून पुढं जातात. माझ्या मते पुढच्या सगळ्या अपराधाचं बी तिथं आहे.

आता ती गल्ली. काबूलमध्ये हिवाळ्यात पतंगांची मोठी चढाओढ असते. काचेच्या मांज्यानं एकमेकांचे पतंग काटायचे, आणि शेवटी काटलेला पतंग पळत जाऊन धरून आणायचा, तो मानाचा. अमीर शेवटचा निळा पतंग काटतो आणि हसन तो आणायला धावतो. अमीरला तो पतंग वडिलांसाठी हवाय. वडील, म्हणजे बाबा, हे अंगापिंडानं आणि स्वभावानं भरभक्कम गृहस्थ. आपल्या पुस्तकी पोराबद्दल मनातनं निराश. तो पतंग म्हणजे बाबांच्या मनाचं दार उघडायची किल्ली. हसनला एका गल्लीत आसेफ आणि त्याचे दोन साथीदार गाठतात. पतंग दे, सोडतो, म्हणतात. हसन देत नाही. मग आसेफ त्याच्यावर अत्याचार करतो. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून अमीर हे बघतो आणि पळून जातो.

संकटात बघे पुढं का येत नाहीत यावर 1968 साली लाताने आणि डार्ली या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आसपास माणसं जितकी जास्त, तितकं प्रत्येकाला वाटतं की दुसरं कुणीतरी बघेल. अपघाताभोवती कोंडाळं करून उभी राहिलेली गर्दी आठवा. पण अमीरला हा बचाव लागू पडत नाही. तो एकटाच होता. त्याच्या मनात भीती तर होतीच, आणि भीतीखाली एक हिशोब होता. हसन ही त्या पतंगाची किंमत असेल तर असू दे. आणि त्याच्याही खाली, शेवटी हजाराच तर आहे.

भाचीला मी म्हटलं, आपल्या भाषेत दग्याच्या पायऱ्या फार बारकाईनं लावून ठेवल्यात. पहिली पायरी म्हणजे मूग गिळून गप्प बसणं. बोलायला हवं तिथं न बोलणं. शेवटची म्हणजे केसानं गळा कापणं. आपल्यावर ज्यानं डोळे मिटून विश्वास टाकला त्यालाच बेमालूम संपवायचं, आणि वर आपले हात स्वच्छ. अमीर गल्लीत मूग गिळतो. तू म्हणतेस ते खरं, बारा वर्षांच्या पोराला एवढं माफ आहे. कादंबरी तिथं थांबली असती तर मीसुद्धा त्याच्या बाजूनं बोललो असतो. पण तो पायरी उतरत जातो. मूग गिळलेला माणूस काही महिन्यांत केसानं गळा कापायला कसा तयार होतो, हा या पुस्तकातला खरा समजून घेण्याचा भाग.

त्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात, अपराधीपणा आणि लाज. आपण बोलताना दोन्हींची सरमिसळ करतो. हेलन ब्लॉक लुइस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1971 मध्ये त्यांची फोड केली, ती साधारण अशी: “माझ्या हातून वाईट झालं” हा अपराधीपणा, आणि “मीच वाईट आहे” ही लाज. फरक एका शब्दाचा वाटतो, पण दोन्ही माणसाला उलट्या दिशांना नेतात. अपराधीपणा ज्याचं वाईट झालं त्याच्याकडं ढकलतो: जा, माफी माग, भरून दे. लाज त्याच्यापासनं पळवते, कारण त्याचा चेहरा म्हणजे आरसा. अमीरच्या पोटात दोन्ही आहेत, पण त्याला हलवते ती लाज. रात्र रात्र झोप नाही. हसन मात्र पहिल्यासारखाच सकाळी त्याची न्याहारी मांडून ठेवतोय, कपडे इस्त्री करून ठेवतोय. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

आणि मग डाळिंबाचा प्रसंग. टेकडीवर एक डाळिंबाचं झाड आहे, त्याच्या खोडावर दोघांची नावं कोरलेली. अमीर हसनला तिथं घेऊन जातो आणि त्याच्यावर डाळिंबं फेकायला लागतो. मार मला, फेक तू पण, म्हणून ओरडतो. हसनचा सदरा लालभडक होतो, पण तो हात उचलत नाही. शेवटी एक डाळिंब उचलतो, ते स्वतःच्याच कपाळावर फोडतो, आणि निघून जातो.

हा प्रसंग मी निदान पाच वेळा वाचला असेन. इथं अमीरला माफी नको आहे, शिक्षा हवी आहे. शिक्षा मिळाली की हिशोब फिटला, मग झोप लागेल. म्हणजे आपल्या झोपेची सोयसुद्धा त्यानं हसनकडनंच करून घ्यायची! मन खात असताना माणूस किती आपमतलबी होऊ शकतो, ते असं.

लिऑन फेस्टिंगर यांनी 1957 साली जो विचार मांडला तो इथं उपयोगी पडतो. माणूस स्वतःला चांगला समजत असतो आणि त्याच्या हातनं वाईट घडतं. ही दोन्ही एका मनात नांदू शकत नाहीत, आतनं करकर होत राहते. मग माणूस एकतर वागणं बदलतो, नाहीतर समज बदलतो. वागून तर झालेलं असतं. म्हणून तो ज्याचं नुकसान केलं त्याच्यातच खोट शोधायला लागतो. तसलाच होता तो, त्याचंही चुकलंच असणार. उसने पैसे बुडवणारा सावकारालाच शिव्या का घालतो याचं उत्तर इथं आहे. ज्यानं आपलं वाईट केलं त्याच्यापेक्षा ज्याचं आपण वाईट केलं त्याचा राग माणसाला जास्त येतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण घराघरांत बघायला मिळतं.

बोलत बोलत आम्ही संध्यामठापाशी आलो होतो. मी थोडा वेळ गप्प राहिलो आणि मग तो तुकडा सांगितला.

मी सातवीत होतो. आमच्याकडं धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींचा मुलगा माझ्याच वर्गात होता. शाळेत जाताना आम्ही बरोबर जायचो. पन्हाळ्याच्या सहलीचे गोळा केलेले पैसे एके दिवशी मधल्या सुट्टीत वर्गातनं गेले. त्या सुट्टीत एका बड्या घरचा पोरगा त्या पिशवीशी काहीतरी करताना मी पाहिला होता. गुरुजींनी वर्गाला उभं केलं आणि का कुणास ठाऊक, म्हणजे का ते सगळ्यांनाच ठाऊक होतं, पहिलं दप्तर मावशींच्या मुलाचं उपसलं. काही सापडलं नाही. तरी त्याला छड्या बसल्या. मी पायांच्या अंगठ्यांकडं बघत बसलो. दुसऱ्या दिवशी मी बाक बदलला. घरी आईनं विचारलं, “त्यानं खरंच घेतले काय रे?” मी म्हटलं, “काय माहीत.”

महिन्या-दोन महिन्यांत आमच्याकडं भांड्याला दुसऱ्या बाई यायला लागल्या.

वर्गात मी गप्प बसलो ती भीती होती. ती मी अजूनही समजू शकतो. पण स्वयंपाकघरात आई एकटी होती, तिथं मला कुणाची भीती नव्हती. “काय माहीत” हे दोन शब्द मी त्याला समोरनं हलवण्यासाठी वापरले. रोज सकाळी तो दारात दप्तर घेऊन उभा राहायचा, ते मला सहन होत नव्हतं.

अमीरचे ते दोन शब्द म्हणजे घड्याळ. तेराव्या वाढदिवसाला मिळालेलं नवं घड्याळ आणि काही नोटा तो हसनच्या गादीखाली लपवून ठेवतो आणि बाबांना सांगतो की चोरी झाली. बाबांच्या लेखी जगात पाप एकच, चोरी. बाकी सगळी पापं तिचीच रूपं. हसनला बोलावून विचारलं जातं, तू घेतलंस? आणि हसन म्हणतो, हो. त्या क्षणी अमीरच्या लक्षात येतं की गल्लीत तो उभा होता हे हसनला माहीत आहे. माहीत असूनही तो त्याला वाचवतोय. बाबा माफ करून टाकतात, पण अली थांबत नाही. पावसात बापलेक घर सोडून जातात. म्हणजे गल्लीतलं पाप भित्र्याचं होतं आणि गादीखालचं पाप विचार करून केलेलं. पहिल्याचा अपराधीपणा वेळेवर बोलून टाकला असता तर दुसरं घडलं नसतं.

पुढचा पंचवीस-एक वर्षांचा काळ कादंबरी भराभर ओलांडते, मीही तेच करतो. सोव्हिएत फौजा येतात, 1981 मध्ये बाबा आणि अमीर देश सोडतात, कॅलिफोर्नियात फ्रीमाँट गावी संसार थाटतात. लग्नाआधी अमीरची होणारी बायको सोराया आपल्या भूतकाळातली लपवण्याजोगी गोष्ट अमीरला आपणहून सांगून मोकळी होते. अमीरला तिचा हेवा वाटतो, पण स्वतःची गोष्ट काही तो सांगत नाही. देश बदलतो, भाषा बदलते, मूग तसेच घशात.

2001 मध्ये बाबांचे जुने मित्र रहीम खान पेशावरहून फोन करतात. अमीर तिथं जातो तेव्हा दोन गोष्टी कळतात. हसन आणि त्याची बायको तालिबानच्या गोळीला बळी पडलेत, त्यांचा मुलगा सोहराब काबूलच्या अनाथाश्रमात आहे. आणि हसन हा बाबांचाच मुलगा होता. चोरी हे एकच पाप म्हणणाऱ्या बाबांनी अलीची अब्रू चोरली होती आणि दोन्ही मुलांकडनं ते भाऊ असल्याचं सत्य चोरलं होतं. बाबांनी हयातभर दानधर्म केला, अनाथाश्रम बांधला, तो या टोचणीपोटी. रहीम खान त्यालाच खरं प्रायश्चित्त म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. शंभर अनाथांना छप्पर दिलं, पण अंगणातल्या पोराला नाव दिलं नाही.

अमीर काबूलला निघतो. वाटेत एका गरीब कुटुंबात मुक्काम होतो. तिथली पोरं आपल्या मनगटाकडं टक लावून बघतायत असं वाटून तो घड्याळ काढून धाकट्याला देऊन टाकतो. नंतर कळतं, ती घड्याळाकडं बघत नव्हती, त्याच्या ताटाकडं बघत होती. घरातलं होतं नव्हतं ते पाहुण्याला वाढलं होतं. सकाळी निघताना तो कुणाला न कळत मूठभर नोटा त्यांच्या गादीखाली सारून ठेवतो. घड्याळ, नोटा, गादी. सव्वीस वर्षांपूर्वी ज्या तीन वस्तूंनी एक घर उठवलं, त्याच तीन. लेखक त्याचा फार गाजावाजा करत नाही, आणि म्हणूनच ते लागतं.

मग ती मारामारी. सोहराब ज्याच्या ताब्यात आहे तो तालिबानी अधिकारी म्हणजे नेमका आसेफच निघतो. हे जरा हिंदी पिक्चरसारखं आहे, मान्य. पितळी मुठीनं तो अमीरची हाडं मोडतो आणि अमीर हसायला लागतो. त्याला पहिल्यांदा बरं वाटतं. डाळिंबाच्या झाडाखाली मागितलेली शिक्षा अखेर मिळाली. वरचा ओठ फाटतो, जन्मतः दुभंगलेल्या हसनच्या ओठासारखा. शेवटी सोहराब बापासारखीच गलोल ताणतो आणि आसेफचा डोळा फोडतो.

बहुतेक जण म्हणतात, इथं अमीरचं पाप फिटलं. भाचीचंही तेच मत होतं. मी म्हटलं, मग पुढचं वाच ना. थोड्याच दिवसांत हाच अमीर सोहराबला पुन्हा अनाथाश्रमात ठेवावं लागेल असं बोलून जातो, कधी ठेवणार नाही असं वचन दिलेलं असताना. पोरगं जिवाचं बरंवाईट करून घेऊ बघतं. वाचतं, पण वर्षभर बोलत नाही. मार खाऊन अमीरला बरं वाटलं, सोहराबला त्याचा काही उपयोग नव्हता. तुकोबांच्या एका अभंगात अनुतापात चित्त न्हाणं हेच प्रायश्चित्त म्हटलंय. ते देव आणि भक्त यांच्यातलं असेल. दोन माणसांमधल्या देण्याचं काम तेवढ्यावर भागत नाही.

मला विचाराल तर अमीर सुटतो तो जेवणाच्या टेबलावर. कॅलिफोर्नियात सासरे, जनरल ताहेरी, विचारतात की आमच्या मुलीच्या घरात हजारा पोरगं का राहतंय, लोकांना काय सांगायचं? अमीर सांगतो: माझ्या वडिलांना नोकराच्या बायकोपासनं एक मुलगा झाला, त्याचं नाव हसन, हा त्या हसनचा मुलगा. आणि माझ्यासमोर त्याला पुन्हा ‘हजारा पोरगा’ म्हणायचं नाही. त्याला नाव आहे, सोहराब. रक्त नाही, मारामारी नाही. पण गल्लीच्या तोंडाशी जे गळ्यात अडकलं होतं ते इथं बाहेर पडतं. बाबांची अब्रू, सासऱ्यांचा मान, सगळं पणाला लावून, चारचौघांत.

चारचौघांत हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि तो कोल्हापूरकराला वेगळा समजवायला नको. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंना पाण्याच्या हौदाला शिवल्यावरनं मारहाण झाली, तेव्हा शाहू महाराज मारणाऱ्यांना शिक्षा करून थांबले नाहीत. त्यांनी कांबळेंना हॉटेल काढून दिलं आणि बरोबरच्या मंडळींना घेऊन तिथं जाऊन स्वतः चहा प्यायले. कारण अपमान सगळ्यांदेखत झाला होता. बंद खोलीत पाठीवर हात फिरवून तो उतरला नसता.

शेवटच्या प्रसंगात फ्रीमाँटच्या एका बागेत अमीर सोहराबबरोबर पतंग उडवतो आणि काटलेला पतंग आणायला आता तो स्वतः धावतो. सोहराबच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलतो. एकच कोपरा. बाकी काही बदललेलं नाही, असं अमीर स्वतःच सांगतो.

अंधार पडला होता. भेळेच्या गाड्यांवर दिवे लागले होते. भाचीनं विचारलं, “तो मुलगा परत कधी भेटला तुम्हाला?”

भेटला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी, विसर्जनाच्या मिरवणुकीत, पापाच्या तिकटीपाशी. खांद्यावर त्याची लेक होती. पलीकडनं हात करून त्यानं हाक मारली, “काय मर्दा, ओळखलास का?” मी ढोलाच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवून गर्दीत पुढं सरकलो.

“नाव काय त्यांचं?” ती म्हणाली.

मी नाव सांगितलं. आडनावासकट. एवढ्या वर्षांत ते माझ्या तोंडून मोठ्यानं पहिल्यांदाच निघालं. इथं लिहीत नाही, कारण त्याला अजून विचारलेलं नाही.